सिंकखालची गिरणी आणि सीमाभागातील पाणी

ओला कचरा गटारात दळून सोडण्याची सोय बिदर-कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांना परवडेल का?

घनकचरा व्यवस्थापनाचे नवे केंद्रीय नियम जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख ठरली. २०१६ च्या नियमांची जागा घेणाऱ्या या नियमांनी घरातच कचऱ्याचे चार भाग करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली आहे: ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. या चारांपैकी सर्वांत जड, सर्वांत लवकर कुजणारा आणि गृहिणीला सर्वाधिक त्रासदायक भाग म्हणजे ओला कचरा. त्याची दुर्गंधी, त्यावरच्या माश्या आणि घंटागाडीची वाट पाहण्याचा ताप टाळण्यासाठी एक उपाय आता महानगरांबाहेरही पोहोचू लागला आहे. सिंकच्या खाली बसवलेले, खरकटे दळून थेट सांडपाण्याच्या नळीत सोडणारे विजेवरचे यंत्र, म्हणजेच फूड वेस्ट डिस्पोझर. ऑनलाइन मागणी नोंदवली की मुंबई-पुण्याप्रमाणेच ते कलबुर्गीलाही येते आणि बिदरलाही.

वरवर पाहता ही घरगुती सोयीची बाब आहे. परंतु हे यंत्र कचरा नाहीसा करीत नाही. तो घंटागाडीतून काढून गटारात नेऊन सोडते. घंटागाडीतला कचरा डोळ्यांना दिसतो, त्याचे वजन होते, त्याबद्दल नगरसेवकाला जाब विचारता येतो. गटारातला कचरा दिसत नाही. त्यामुळे यंत्र चांगले की वाईट, या प्रश्नाला यंत्रापाशी उत्तर नाही. ते नळीच्या दुसऱ्या टोकाशी आहे. कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या बेचक्यात वसलेल्या बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत ते टोक कोठे जाऊन थांबते, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या मराठीचा वावर असलेल्या तालुक्यांतील घरांना हा प्रश्न जितका लागू आहे, तितकाच तो गोव्यातील घरांनाही लागू आहे.

यंत्राचे पोट

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचे वास्तुरचनाकार जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये या यंत्राची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९३५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९३८ मध्ये त्यांनी इन-सिंक-इरेटर ही कंपनी स्थापन केली. यंत्रात धारदार पाती असतात, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. आत एक फिरती तबकडी असते आणि तिच्यावर बोथट, सैलसर ठोकळे बसवलेले असतात. तबकडी वेगाने फिरली की खरकटे बाहेरच्या बाजूला फेकले जाते आणि भोवतालच्या खरखरीत कड्यावर घासून त्याचा बारीक लगदा होतो. हा लगदा पुढे वाहून नेण्याचे काम पाणी करते. म्हणजे मिक्सरपेक्षा त्याचे नाते जात्याशी अधिक जवळचे. आणि जात्याला जसा घास बेताचा लागतो, तसाच यालाही.

लगदा पाण्याबरोबर गेला, येथवर उत्पादकाची जबाबदारी संपते. पुढच्या प्रवासाचे तीन मार्ग संभवतात. पहिला, भुयारी गटारातून मैलापाणी प्रक्रिया केंद्राकडे. दुसरा, घरामागच्या सेप्टिक टाकीत आणि तेथून शोषखड्ड्यात. तिसरा, रस्त्याकडेच्या उघड्या गटारात आणि तेथून ओढ्यात. यंत्राची रचना पहिला मार्ग गृहीत धरून झाली आहे. आपल्याकडील वास्तव बहुतांशी दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गाचे आहे.

नळीच्या दुसऱ्या टोकाला

कलबुर्गी आणि बिदर या दोन्ही शहरांत भुयारी गटारांची कामे टप्प्याटप्प्याने झाली. पण गटारवाहिनी प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचलेली नाही. तालुक्याच्या गावांत तर सेप्टिक टाकी आणि उघडे गटार हीच व्यवस्था आहे. सेप्टिक टाकी हे एक संथ चालणारे यंत्रच असते. तिच्यात जड पदार्थ तळाशी बसतात, तेल-तूप वर तरंगते, मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते आणि तळचा गाळ जिवाणू हळूहळू पचवतात. दर दोन-तीन वर्षांनी ती उपसावी, असा शास्त्रीय दंडक आहे. तो फार थोड्या घरी पाळला जातो. अशा टाकीत रोजचे खरकटे दळून सोडले की गाळ झपाट्याने वाढतो, टाकीची क्षमता घटते आणि न पचलेले कण शोषखड्ड्यात उतरून मातीची छिद्रे बुजवतात. खड्डा तुंबला की मैलापाणी वर येते किंवा आडवे पसरत शेजारच्या विहिरीचा, विंधन विहिरीचा ठाव घेते.

बिदरच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे, कारण शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. जांभा सच्छिद्र असतो. त्यातून पाणी सहज मुरते आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या थरावर साठून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जे पाण्याला लागू तेच सांडपाण्यालाही लागू. गोव्यातील वाचकाला हे सांगण्याची गरज नाही; जांभ्यातली विहीर आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरचा शोषखड्डा हे दृश्य त्याच्या परिचयाचे आहे.

जेथे भुयारी गटार आहे तेथे दुसरे संकट उभे राहते. गटारवाहिनीला पुरेसा उतार आणि पुरेसे पाणी मिळाले तरच घन पदार्थ वाहतात. पाणीपुरवठा खंडित असलेल्या शहरात वाहिनीतला प्रवाहही खंडित असतो. पिष्टमय लगदा आणि स्वयंपाकातले तेल थंड झाले की आतल्या बाजूला थर धरतात. चेंबर तुंबते, आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. आणि मग कोणाला तरी झाकण उघडावे लागते.

भारतात ही तांत्रिक अडचण उरत नाही, तो सामाजिक प्रश्न होतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये पहिला कायदा झाला आणि २०१३ मध्ये अधिक व्यापक कायदा आला. त्याने सुरक्षा साधनांविना गटारात वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्युमुखी पडलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, यातच मृत्यू थांबले नसल्याची कबुली आहे. स्वयंपाकघरातले बटण दाबणारा आणि चेंबरमध्ये वाकणारा यांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही. परंतु पहिल्याच्या सोयीचा भार दुसऱ्याच्या छातीवर पडतो, हे सत्य नळी कितीही लांब असली तरी बदलत नाही.

पाण्याचा हिशेब

यंत्र चालवताना थंड पाण्याची धार सतत सोडावी लागते आणि दळण्याचा आवाज थांबल्यावरही काही सेकंद ती चालू ठेवावी लागते. मिनिटाला ६ लिटर देणारा नळ, दर वेळी दोन मिनिटे आणि दिवसातून दोनदा वापर, असे साधे गृहीत धरले तर रोज २४ लिटर पाणी लागते. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष आहे. पाच जणांच्या कुटुंबाला त्या हिशेबाने ६७५ लिटर मिळायला हवेत. म्हणजे महिनाभर यंत्र चालवण्याचे ७२० लिटर पाणी त्या कुटुंबाच्या पूर्ण एका दिवसाच्या हक्काच्या पाण्याहून अधिक भरते. नळाला अखंड पाणी असलेल्या शहरात ही रक्कम नगण्य वाटेल. पण जेथे पाणी काही दिवसांआड येते आणि घरोघरी टाक्या, पिंपे भरून ठेवावी लागतात, तेथे ती नगण्य नाही.

बिदर शहराची तहान प्रामुख्याने कारंजा जलाशयावर अवलंबून आहे. भालकी तालुक्यात अडवलेली कारंजा ही मांजरेची उपनदी. आणि मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावून लातूरमार्गे बिदर जिल्ह्यात येते. याच मांजरेवरचे धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. सीमा राज्यांच्या असतात, दुष्काळाला त्या ठाऊक नसतात. कलबुर्गी शहर भीमा आणि बेन्नेतोरा यांच्या पाण्यावर जगते. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या निवडक भागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढे तो संपूर्ण शहरांसाठी विस्तारण्याची योजना हाती घेण्यात आली. विस्ताराला मात्र प्रयोगाइतकी गती लाभली नाही. बेंगळुरूसारख्या राजधानीतही मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५ हजार रुपये दंड ठरवावा लागला. अशा राज्यात खरकटे वाहून नेण्यासाठी प्यायचे पाणी वापरावे का, हा प्रश्न उपस्थित होणे अटळ आहे.

शिवाय हे पाणी वापरून संपत नाही, ते पुढे जाते. बिदरच्या पठारावरून उतरणारे ओहोळ मांजरेच्या खोऱ्यात जातात आणि मांजरा तेलंगणात शिरून सिंगूर जलाशय भरते. हैदराबादने दीर्घकाळ ज्याचे पाणी प्यायले तो हा जलाशय. कलबुर्गीचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे अखेर कृष्णेच्या खोऱ्यातले. एका राज्याची मोरी दुसऱ्या राज्याचा पाणवठा असते, हे म्हादईच्या वादात मुरलेल्या गोमंतकीय वाचकाला वेगळे पटवून द्यायला नको.

न्यूयॉर्कने काय केले

या यंत्रांचा इतिहास सरळ स्वीकाराचा नाही. न्यूयॉर्क शहराने पावसाचे आणि मैल्याचे पाणी एकत्र वाहणाऱ्या गटारांच्या भागांत त्यांवर १९७० च्या दशकापासून बंदी घातली होती. अतिवृष्टीत ही गटारे ओसंडून नदीत जातात आणि दळलेले अन्न नदीतला प्राणवायू खाऊन टाकते, ही भीती त्यामागे होती. प्रायोगिक अभ्यास केल्यानंतर १९९७ मध्ये बंदी उठवण्यात आली. म्हणजे निर्णय आधी मोजणी करून झाला. स्वीडनमधील सुराहम्मार या लहान पालिकेने तर घरोघरी यंत्रे बसवण्यास प्रोत्साहन दिले. त्यामागेही विचार होता: तेथील मैलापाणी केंद्रात गाळापासून बायोगॅस मिळवण्याची सोय होती, त्यामुळे खरकट्याचे इंधन झाले.

दोन्ही उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष एकच. अखंड पाणी, योग्य उताराची बंदिस्त गटारे, वाढीव सेंद्रिय भार पेलणारे प्रक्रिया केंद्र आणि गाळातून गॅस काढण्याची व्यवस्था, या चार गोष्टी असतील तर हे यंत्र उपयुक्त साधन ठरते. त्यांतील एकही नसेल तर ते नळ आणि नदी यांच्यामधली आडवाट ठरते. सीमाभागातील शहरांत आज यांपैकी किती गोष्टी आहेत, हे तेथील नागरिक आपल्या गल्लीत उभे राहूनही सांगू शकेल.

बहामनी काळाचा धडा

पाणी आणि भुयार यांचे नाते बिदरला नवे नाही. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली, तेव्हा या उंच पठारावर पाणी कसे मिळवायचे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर इराणी परंपरेतून आलेल्या कारेझने दिले. जांभ्यात साठलेले भूजल अगदी मंद उताराच्या बोगद्यातून केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहून आणायचे आणि बोगद्याला ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी खोदून हवा व दुरुस्तीची वाट ठेवायची, अशी ही रचना. नौबादचा कारेझ तिचे उत्तम उदाहरण आहे.

पुढे नळ आले आणि कारेझचे भान सुटले. उभ्या विहिरींत माती, राडारोडा आणि कचरा भरत गेला. गेल्या दशकात गाळ काढून काही भाग पुन्हा मोकळा करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा त्या बोगद्यांची उपयुक्तता अनेकांच्या नव्याने ध्यानी आली. इतक्या मेहनतीने खोदलेली जलवाहिनी कोणत्याही आक्रमणाने नव्हे, तर रोज थोडा थोडा कचरा टाकण्याच्या सवयीने बुजली. दिसत नाही तेथे टाकलेले नाहीसे होते, हा भ्रम तेव्हाही होता. सिंकखालचे यंत्र त्याच भ्रमाला विजेची जोड देते.

यंत्र असेलच तर

तरीही ज्यांच्या घरी हे यंत्र आधीच बसले आहे, किंवा प्रक्रिया केंद्राला जोडलेल्या संकुलात जे राहतात, त्यांनी ते निदान नीट वापरावे. चुकीच्या वापराने यंत्रही बिघडते आणि गटारही.

पहिला नियम क्रमाचा: आधी थंड पाणी, मग यंत्र, मग थोडे थोडे खरकटे, दळण्याचा आवाज बदलून मोकळा झाला की आणखी काही सेकंद पाणी. गरम पाणी चालवू नये. त्याने तूप-तेल वितळून पुढे जाते आणि थंड झाले की नळीत गोठते. दुसरा नियम, काय टाकू नये याचा. केळीची साल, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याच्या कणसाची साले, ऊस, कोथिंबिरीच्या जाड काड्या आणि कांद्याची पातळ टरफले यांचे धागे तबकडीला गुंडाळतात. भात आणि ज्वारीचे पीठ पाण्यात फुगून खळीसारखे चिकटते. भाकरीच्या परातीतले पीठ धुऊन मोरीत सोडण्याची सवय या भागात घरोघरी आहे, तेथे हा इशारा विशेष लागू. शेंगदाण्याची चटणी, एण्णेगायीचा तेलकट मसाला, तळणाचे उरलेले तेल हे कधीच नळीत जाऊ नये. गोव्याच्या स्वयंपाकघरासाठी यादी थोडी वेगळी होईल: तिसऱ्यांची कवचे, माशांचे खवले, नारळाच्या शेंडीचे तंतू आणि फणसाचा चीक.

तिसरा नियम बिघाडाचा. यंत्र घरघरते पण फिरत नसेल, तर ते अडकले आहे. प्रथम बटण बंद करून प्लग काढावा. तळाच्या मध्यभागी सामान्यतः षट्कोनी किल्लीसाठी खाच असते. तिने तबकडी मागे-पुढे फिरवून अडकलेली वस्तू मोकळी करावी आणि ती चिमट्याने काढावी. हात कधीही आत घालू नये. काही वेळाने तळाचे लाल बटण दाबले की मोटर पूर्ववत होते. यंत्राला स्वतंत्र, अर्थिंग असलेला प्लग हवा. ओल्या जागी वायरची कसर जिवावर बेतते. दुर्गंधीसाठी बर्फाचे तुकडे आणि लिंबाची थोडी साल पुरते. गटार मोकळे करणारी तीव्र रसायने वापरू नयेत, ती यंत्राची रबरी वेष्टणे खातात. विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर आत पांढरा थर धरतो, त्यामुळे तेथे तपासणी अधिक वेळा करावी. बसवण्यापूर्वी सिंकचे भोक मोजावे, कारण बहुतेक यंत्रांना सुमारे ९० मिलिमीटर व्यासाचे भोक लागते आणि जुन्या सिंकमध्ये ते लहान असते.

या सूचनांना एक सामाजिक बाजूही आहे. यंत्र विकत घेतो मालक. चालवते बहुधा भांडी घासायला येणारी बाई. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते. बिदर-कलबुर्गीच्या स्वयंपाकघरात कन्नड, मराठी आणि दखनी या तीन भाषा एका दमात बोलल्या जातात; कचऱ्याचे ‘हसी कस’ आणि ‘ओण कस’ हे कन्नड विभाजन मराठी घरांतही समजते. पण अडकलेल्या यंत्रात हात घालू नये, ही सूचना तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलेली नसते. अपघात झाला तर दोष अज्ञानाला दिला जातो, न सांगण्याला नाही.

खरकट्याचे दुसरे ठिकाण

यंत्र नको, तर मग काय? सीमाभागाचे उत्तर त्याच्या शेतातच पडलेले आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. चांगले खत होण्यासाठी कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला एक असावे लागते. कोरडा, कर्बयुक्त पदार्थ मिसळला नाही की टोपली आंबते, वास सुटतो, अळ्या पडतात आणि घरचे लोक खताचा नाद सोडतात. शहरांत त्यासाठी नारळाचा भुसा विकत घ्यावा लागतो. बिदर-कलबुर्गीत तुराट्या, सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट यांना तोटा नाही. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तुरीची डाळ देशभर जाते, चुनी जनावरांना जाते, आणि तुराट्या मात्र बहुधा चुलीत वा बांधावर जळतात. त्यांचा बारीक चुरा आणि थोडे आंबट ताक हे खताच्या कुंडीला पुरेसे भांडवल आहे. एक थर खरकट्याचा, एक थर चुऱ्याचा, मुठीत दाबल्यावर पाणी न टपकेल इतकाच ओलावा आणि आठवड्यातून एकदा उलटापालट, एवढे पाळले तर दीड-दोन महिन्यांत काळे, मातीचा वास असलेले खत हाती येते.

दुसरा मार्ग गॅसचा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे छोटे घरगुती बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि त्यासाठी २००६ मध्ये संस्थेला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पिष्टमय खरकटे शेणापेक्षा कितीतरी जलद गॅस देते, हे त्यामागचे तत्त्व. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्राने तेच मोठ्या प्रमाणावर केले, आणि इंदूरने फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प सुरू करून शहरव्यापी पातळीवर नेले. सिंकखालचे यंत्र लगद्याला गटारात पाठवते. तोच लगदा बंद टाकीत गेला असता तर चुलीवर आला असता. उघड्यावर कुजताना हेच अन्न मिथेन सोडते, आणि तो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो.

मोठ्या स्वयंपाकघरांची जबाबदारी यात मोठी आहे. नव्या नियमांनुसार रोज १०० किलो कचरा निर्माण करणारा, ४० हजार लिटर पाणी वापरणारा किंवा २० हजार चौरस मीटर बांधकाम असलेला घटक मोठा कचरा उत्पादक मानला जातो. मंगल कार्यालये, वसतिगृहे, रुग्णालये, हॉटेले यांत मोडू शकतात. शंभर घरांच्या संकुलात घरटी एक किलो ओला कचरा धरला तरी आकडा तेथेच पोहोचतो. येथे एक पळवाट संभवते. अशा संकुलाने घरोघरी दळणयंत्रे बसवली तर तराजूवरचे वजन कमी दिसेल आणि महिन्याला तीन टन खरकटे कोणत्याही नोंदीविना गटारात जाईल. नियमांची अंमलबजावणी करणाऱ्यांनी कचऱ्याच्या तराजूबरोबर गटाराचे चेंबरही पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. ज्या कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या दासोहाची आणि ज्या बिदरमध्ये नानक झिरा साहिबच्या लंगरची परंपरा आहे, तेथे अन्नाचा मान राखणे ही आयात केलेली कल्पना नव्हे. पानात टाकू नये, आणि उरले तर कोणाच्या तरी उपयोगी पडावे, हा संस्कार कायद्यापेक्षा जुना आहे.

गोव्याच्या बादलीचे कलबुर्गीशी नाते

हा प्रश्न दूरच्या दोन जिल्ह्यांचा म्हणून सोडून देणे गोव्याला शक्य नाही. कलबुर्गी जिल्हा हा सिमेंटचा पट्टा आहे. वाडी, शहाबाद, सेडम, मळखेड ही गावे चुनखडी आणि भट्ट्यांसाठी ओळखली जातात. गोव्यातील पुनर्वापर न होणारा सुका कचरा गेली अनेक वर्षे कर्नाटकातील सिमेंट भट्ट्यांकडे इंधन म्हणून रवाना होत आला आहे. नव्या नियमांनी सिमेंट कारखान्यांना अशा कचऱ्यापासूनच्या इंधनाचा वाटा सहा वर्षांत ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेण्यास सांगितले आहे. म्हणजे ही वाहतूक वाढण्याचीच शक्यता आहे. परंतु क्लिंकरसाठी भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि खरकट्याने ओला झालेला कचरा उष्णता देण्याऐवजी पाणी वाफवण्यात ती गमावतो. गोव्यातील एखाद्या घरात आमटीने माखलेली पिशवी सुक्या कचऱ्यात गेली, तर त्याची किंमत शेकडो किलोमीटरवरच्या भट्टीत मोजली जाते, आणि भट्टीच्या आजूबाजूचे रहिवासी ती श्वासातून भरतात.

ओल्या कचऱ्याबाबत गोव्याने तुलनेने पुढची पावले टाकली आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या साळगाव प्रकल्पाची क्षमता रोज १०० टनांवरून २५० टनांपर्यंत वाढवण्यात आली आणि तेथे ओल्या कचऱ्यापासून वीज निर्माण होते. म्हणजे घरात नीट वेगळे केलेले खरकटे साळगावला पोहोचले तर त्याची वीज होते. तेच सिंकमध्ये दळले तर टोंकाच्या मैलापाणी केंद्रावर भार पडतो, आणि गटारवाहिनी नसलेल्या बहुसंख्य घरांत ते जांभ्यातून विहिरीकडे निघते. साळगावसारखी सोय असलेल्या राज्यात तर दळणयंत्राचा मोह अधिकच अनाठायी ठरतो.

निर्णय कोणाचा

बंदी हा सोपा, पण अपुरा उपाय आहे. घरात काय बसवले हे पाहायला निरीक्षक जाऊ शकत नाही. अधिक व्यवहार्य मार्ग बांधकाम परवान्याचा आहे. ज्या संकुलाचे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते आणि ते केंद्र वाढीव भार पेलू शकते, तेथेच यंत्रांना अनुमती. सेप्टिक टाकी असलेल्या बांधकामांत मनाई. आणि विक्रेत्याने स्थानिक भाषांत सूचना देणे बंधनकारक, एवढे तीन निर्णय पालिका पातळीवर घेता येतात. त्याच्या जोडीला ओला कचरा रोज आणि वेळेवर उचलला गेला, तर यंत्राचे निम्मे आकर्षण आपोआप ओसरेल. लोक दळणयंत्राकडे वळतात ते आळसामुळे नव्हे. घंटागाडी दोन दिवस येत नाही आणि बादलीला वास सुटतो, म्हणून वळतात. प्रशासनाच्या अनुपस्थितीची जागा बाजार भरून काढतो, तेव्हा नागरिकाला दोष देऊन भागत नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण मराठीत आहे. शेतकऱ्याच्या उकिरड्याचे पांग खरोखरच फिटत होते, कारण त्यातले खत पुन्हा शेतात जात होते आणि तूर होऊन ताटात परतत होते. मांजरा आणि भीमेच्या काठच्या घरांना हे चक्र अजून नव्याने शिकावे लागलेले नाही. ते केवळ मोडू द्यायचे नाही. खरकटे बादलीत राहिले तर त्याचे काय करायचे, हा विचार तरी करावा लागतो. ते नळीतून गेले की तो विचार चेंबरचे झाकण उघडणाऱ्या माणसावर आणि नदीच्या खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या गावावर सोपवलेला असतो.